मोहो आणि पेरू: टॅम्पाच्या पद्धतीचं पोर्क रोस्ट (सामिष पाककृती)

आंबटगोड
ओव्हनच्या धाग्यावर मी पोर्क रोस्टचा ओझरता उल्लेख केला आणि तीनचार जणांनी पाकृच मागितली. नाताळ तोंडावर आलाय, म्हणून आता सविस्तर लिहितेच. शाकाहारी मंडळींनी इथूनच माघारी फिरावं, नंतर तक्रार ऐकली जाणार नाही.

आम्ही राहतो फ्लोरिडात, टॅम्पाला. इथली क्युबन वस्ती जुनी. १८८०च्या दशकात इबोर सिटीत सिगारचे कारखाने निघाले आणि कामगार क्युबातून, स्पेनमधून, सिसिलीतून आले. क्युबन घरांत २४ डिसेंबरच्या रात्री, म्हणजे नोचेबुएनाला, डुक्कर भाजल्याशिवाय सण होत नाही. अंगणवाले लोक अख्खं डुक्कर 'काहा चीना' नावाच्या पेटीत भाजतात. या पेटीत निखारे खाली नसतात, झाकणावर पसरलेले असतात आणि सगळी धग वरून येते. आमच्यासारखे अपार्टमेंटवाले खांद्याचा तुकडा आणतात आणि ओव्हनला शरण जातात.

मुरवायला लागतो मोहो. त्यात कडवट आंबट संत्र्याचा रस, पोत्याने लसूण, जिरं, ओरेगानो, मिरी, मीठ आणि ऑलिव्ह तेल. संपलं. लाल तिखट नाही, गरम मसाला नाही. हे आंबट संत्रं न मिळाल्यास साध्या संत्र्याचा रस दोन भाग आणि लिंबाचा एक भाग घ्यायचा. इथले लोकही सर्रास तेच करतात.

मोहोत मुळात गोड काही नसतं. गोडवा मी पेरूतून आणते. इथे पेरूचा घट्ट, वडीसारखा कापता येणारा मुरंबा पत्र्याच्या चपट्या डब्यात मिळतो. क्युबन लोक तो चीजबरोबर खातात, पेस्ट्रीत भरतात. तो पातळ करून रोस्टवर शेवटी फासायचा.

प्रमाण असं: हाडासकट खांदा अडीच किलो. इथे 'बोस्टन बट' मागितलं की खांद्याचाच वरचा भाग मिळतो, तो उत्तम, चरबीच्या रेषा छान असतात. मीठ ३५ ग्रॅम, म्हणजे सपाट दोन मोठे चमचे. संत्रं-लिंबू मिळून एक कप रस. लसणाच्या पंधराएक पाकळ्या मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचायच्या. मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटण करू नका, चव उग्र होते. जिरं दोन चमचे, भाजून भरडलेलं. ओरेगानो दोन चमचे, तेल पाव कप. तेल कोमट करून ठेचलेल्या लसणावर ओतायचं म्हणजे कच्चा वास मरतो, मग त्यात रस घालायचा.

मांसाला टोकदार सुरीने खोल भोसकून खळगे करायचे आणि प्रत्येक खळग्यात बोटाने लसणाचं वाटण दाबून भरायचं. उरलेला मोहो वरून ओतून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात रात्रभर फ्रीजमध्ये. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबटाने कळकतं.

दुसऱ्या दिवशी तासभर बाहेर ठेवा. मग मोहोसकट ट्रेमध्ये, वर फॉइल गच्च बसवून, १५० अंश सेल्सिअसला साधारण साडेचार तास. हाडाजवळ काटा फिरवून पाहा, मांस हाड सोडत असेल तर झालं. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९०च्या आसपास हवं. ट्रेमधला रस पातेल्यात काढून घ्या.

आता पेरू. दीडशे ग्रॅम पेरूची वडी, अर्धी वाटी तो ट्रेमधला रस, एका लिंबाचा रस. मंद आचेवर घोटून मधाइतपत पातळ करा. ओव्हन २१० वर. फॉइल काढून वरून लेप लावा, दहा मिनिटांनी दुसरा हात, आणखी दहा मिनिटांनी बाहेर. अर्धा तास तसंच राहू द्या, लगेच सुरी लावू नका. पातेल्यातल्या रसावरची चरबी काढून तो उकळवून आटवला की झाला सॉस. सोबत भात आणि काळा राजमा.

झणझणीत_रस्सा
पंधरा पाकळ्या लसूण आणि मिरचीचं एक बोट नाही? कोल्हापुरात हे वाचून लोक गाव सोडतील. हलके घ्या. ताई, पाकृ जबरी आहे. पण आमचा ओटीजी २८ लिटरचा. त्यात अडीच किलोचा खांदा ठेवला तर वरची कॉइल त्याला टेकते. आणि साडेचार तास ओटीजी चालवला तर बाबा मीटरजवळ खुर्ची टाकून बसतील. काही तोडगा?

फोटूवाला_पक्ष
फोटो नाही. फाऊल.

वरणभाततूप
मी माघारी फिरलो होतो. लसूण वाचून परत आलो. आता जातो.

आंबटगोड
@रस्सा भाऊ, एक-सव्वा किलोचा तुकडा घ्या, कुकरमध्ये शिजवा आणि ओटीजीत फक्त रंग आणा. स्टीलचा कुकर असेल तर तो घ्या. तळाशी अर्धा कप मोहो, अर्धा कप पाणी. शिट्टी झाली की गॅस बारीक करून चाळीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. मग लेप लावून ओटीजी २००वर, पंधरा-वीस मिनिटं. बाबांना खुर्ची आणेपर्यंत काम उरकेल.
@फोटूवाला, २४ला टाकते.

वसईचा_वारा
वाचनखूण साठवली. आमच्याकडे नाताळात पोर्क म्हणजे इंद्याल आणि सोरपोतेल, दोन्हींत व्हिनेगर. रोस्ट करतात तेही आलं-लसूण, मिरी, दालचिनी लावून पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून. फळाचा रस आमच्या आईच्या हिशोबात बसणार नाही, पण या वर्षी तिला न सांगता करून बघायचा विचार आहे. आमचा बॉटल मसाला (घरचा मिश्र मसाला) चमचाभर ढकलला तर चालेल का?

आणि दुसरा प्रश्न: संत्र्याऐवजी अननस? मागे एका लग्नात केटररने अननसाच्या रसात मुरवलेलं पोर्क ठेवलं होतं. दिसायला झकास, पण तोंडात घातलं तर पीठ. रेषाच नाहीत मांसाला. तो प्रकार टाळायचाय.

रसायनवाला
ते पीठ होण्यामागे ब्रोमेलेन. ताज्या अननसात हे एन्झाइम असतं आणि ते प्रथिनं तोडतं. कच्च्या पपईत पपेन असतं, त्याच जातकुळीतलं. कबाबवाले पपई चमचाभरच लावतात त्याला कारण आहे. रात्रभर ताज्या अननसाच्या रसात ठेवलं तर बाहेरचा थर गेलाच म्हणून समजा. वर ओव्हनमध्ये मांस हळूहळू तापताना ५०-६० अंशांच्या टप्प्यात त्याला आणखी चेव येतो. ८०च्या पुढे गेलं की ते मरतं.

म्हणून अननस हवाच असेल तर रस आधी खळखळून उकळा आणि गार करून वापरा. किंवा डब्यातला घ्या, तो डबाबंद करतानाच तापवलेला असतो. तोच प्रकार किवीचा. संत्रं, लिंबू, डाळिंब, चिंच, कोकम यांच्यात ही भानगड नाही.

आता थोडं अप्रिय. रात्रभर मुरवल्याने फळाची चव आतपर्यंत जाते हा समज धाग्यात पसरण्याआधीच सांगतो: जात नाही. एवढ्या जाड तुकड्यात रस आणि मसाल्याचा स्वाद वरच्या काही मिलिमीटरमध्ये अडकतो. आत खरोखर सरकतं ते मीठ. ते वेळ दिला तर खोलवर जातं आणि मांसाला पाणी धरून ठेवायला मदत करतं. त्यामुळे ३५ ग्रॅम मीठ कमी करून "नंतर वरून घेऊ" असं कुणी करू नये. रस एक कपाऐवजी तीन कप ओतलात तरी फरक शून्य, बाहेरचा थर मात्र आंबटाने चामट होईल.

आंबटगोड
@रसायनवाला, शंभर टक्के. म्हणून तर खळगे करून वाटण भरायचं. क्युबन बायका हे शास्त्र न शिकता करतात. वरून चोळण्यापेक्षा आत खुपसण्यात त्यांचा जास्त वेळ जातो. कापल्यावर प्रत्येक चकतीत लसणाचा एखादा ठिपका दिसला पाहिजे. आणि शेवटी मांस मोडून आटवलेल्या रसात घोळवायचं. आंबटपणा सगळीकडे पोचतो तो तिथे.

पेरूही याचसाठी शेवटी. सुरुवातीपासून गोड लावलं तर आतलं मांस शिजण्याआधीच साखर काळी पडते. बाजारात 'संत्रं-मध मॅरिनेड' म्हणून बाटल्या मिळतात त्यांचा मला रागच आहे. आंबट आधी, गोड शेवटच्या वीस मिनिटांत. एवढं सांभाळलं तर फळ कुठलंही घ्या.

@वसईचा_वारा, बॉटल मसाला मोहोत नको, जिऱ्याचा जीव जाईल. पेरूच्या लेपात पाव चमचा घालून बघा. आईला कळलं तर माझं नाव सांगू नका.

संत्रानगरी
नागपूरकर हजर. आमच्या संत्र्यावर दोन शब्द. आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, तो जरा आंबटसर. मृग बहाराचं फळ फेब्रुवारीनंतर, ते गोड. नाताळात आंबियाच हाती असतो, म्हणजे योग चांगला आहे, तरी लिंबू लागेलच. मोसंबी घेऊ नका बाप्पा, तिला आंबटपणाच नाही.

महत्त्वाचं म्हणजे संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडू होतो, तापवला तर आणखीनच. बिया आणि आतली पांढरी साल रसात गेली की हमखास. म्हणून मिक्सरमध्ये फोडी फिरवू नका. हाताने पिळा, गाळा आणि लगेच वापरा. पिळलेली सालं मांसावर पसरून ठेवायची हौस काहींना असते. दिसतं छान, सकाळी कडूजहर होतं. सालीचा वास हवा असेल तर फक्त वरचा केशरी भाग किसून, तोही लेपात.

मांडवीकाठ
ताई, ही पेरूची वडी म्हणजे आमचं पेराद की! गोव्यात नाताळच्या फराळाच्या ताटात दोदोल, नेवऱ्यांच्या शेजारी हेच असतं. पिकलेल्या पेरूचा गर चाळून घ्यायचा, जवळजवळ तेवढीच साखर, थोडा लिंबाचा रस. कढईच्या कडा सोडेपर्यंत घोटायचं, लोणी लावलेल्या ताटात थापून शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडायच्या. घोटताना गर असा उडतो की हाताला फडकं गुंडाळावं लागतं. म्हापशाच्या बाजारात नाताळच्या आधी विकत मिळतं. तिकडचा डबा शोधत बसू नका, पेराद वापरा. फक्त ते साखरेला जरा पुढे असतं, म्हणून लिंबू दीडपट.

आणि पोर्कला आंबट फळ आम्हाला नवं नाही. सोलांतुलें करतात ते डुकराचं मांस आणि सोलांचं. तेल वेगळं लागत नाही, मांसाच्या चरबीतच ते शिजतं. आंबट एकट्या सोलांचं आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. तुमच्या मोहोत लिंबाऐवजी आठदहा आमसुलं कोमट पाण्यात भिजवून, कोळून घातली तर? रंग काळपट येईल, पण कोकमाचा आंबटपणा लिंबासारखा टोचत नाही, मागे रेंगाळतो. सोलं खारवलेली असतात, तेव्हा मीठ बेताने.

कावेरीकन्या
सासर कोडगूचं (कूर्गचं) आहे म्हणून पुढे सरसावते. तिथली पंदी करी, म्हणजे पोर्कची करी, कच्चमपुळीशिवाय होत नाही. कोकमाच्या नात्यातल्याच एका फळाचा रस आटवून काळा, काकवीसारखा दाट करतात, बाटलीत वर्षानुवर्षं टिकतो. दोन चमचे पुरतात आणि घालतात अगदी शेवटी. आंबट आधी, गोड शेवटी हा नियम तिथे उलटा आहे.

थेम्सथडी
लंडनहून. पाकृ आवडली, पण एक गंभीर आक्षेप. कातडीचं काय केलंत? इथे रविवारच्या रोस्टमध्ये लोक मांसापेक्षा त्या कुरकुरीत कातडीवरून भांडतात. रात्रभर रसात बुडवलेली आणि वर फॉइलखाली वाफवलेली कातडी च्युइंगम होणार. फळ इथेही असतंच, पण ते सफरचंदाचा आंबटगोड सॉस म्हणून बाजूला वाटीत. मांसावर लेप नाही.

दोन्ही हवं असेल तर कातडीवर चिरा द्या, मोहो फक्त खालच्या मांसल बाजूला लावा आणि कातडी वर करून, उघडी, फ्रीजमध्ये रात्रभर वाळू द्या. सकाळी टिपकागदाने पुसा आणि खडेमीठ चोळा. फॉइल नको. आधी २२०ला अर्धा तास, मग १६०. पेरू कातडीला लावायचा नाही, तो सॉसमध्ये.

आंबटगोड
@थेम्सथडी, मान्य, कातडी असलेला तुकडा असेल तर हाच मार्ग. मी घेते त्याला कातडी नसतेच, नुसता चरबीचा थर असतो, म्हणून लेप. खरे क्युबन तुमच्या बाजूने आहेत. काहा चीनात शेवटी डुक्कर पालथं करून कातडीला थेट धग देतात.
@कावेरीकन्या, तुमची पाकृ वेगळा धागा काढून लिहाच. इथे दोन ओळींत उरकू नका.

झणझणीत_रस्सा
एक शंका. परदेशी व्हिडिओंत पोर्क आतून गुलाबी कापतात. आमच्या घरी डुक्कर म्हटलं की आई आधी 'मेंदूत किडे होतात' म्हणते. डॉक्टर लोकांनी प्रकाश टाकावा.

डॉ_पोहेकर
टाकतो. आईंचं पूर्ण चुकीचं नाही, पण वाट वेगळी आहे. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी होतो, तो राहतो आतड्यात. मेंदूत गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्याने. ती अंडी मांसात नसतात, कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, दूषित पाणी, कच्च्या भाज्या यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. भारतात मिरगीचं हे एक मोठं कारण आहे. तेव्हा रोस्टबरोबर कोशिंबीर करणार असाल तर काकडी-कोथिंबीर नीट धुवा.

गुलाबीचं म्हणाल तर अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली अख्ख्या तुकड्यांसाठी मर्यादा ७१ अंशांवरून ६३ अंश आणि तीन मिनिटं विश्रांती अशी खाली आणली. ती तपासणी झालेल्या तिथल्या मांसासाठी. आपल्याकडे खात्रीच्या दुकानातून आणा आणि पूर्ण शिजवा. या पाकृत प्रश्नच नाही, ९० अंशांना कुठली अळी जगत नाही. खांदा ६३ला काढलात तर सुरक्षित असूनही चावता येणार नाही, कारण त्यातल्या चिवट तंतूंचं जिलेटिन व्हायला जास्त तापमान आणि भरपूर वेळ लागतो.

कच्चं मांस ज्यात मुरलं तो रस उकळल्याशिवाय सॉस म्हणून वाढू नका. लेपाचा ब्रश कच्च्या मांसाला लावलेला नको. पाट आणि सुरी वेगळी.

वरणभाततूप
पुन्हा आलो. कोशिंबीर वाचली. आता तीही सोडली.

झणझणीत_रस्सा
आँखो देखा हाल. पुण्यात कँपातून सव्वा किलो खांदा आणला. दुकानदाराला भाजायचंय म्हटल्यावर त्याने स्वतःच चरबीचा अर्धा बोट थर ठेवून बाकीची काढली. कुकर चाळीस मिनिटं, ताईंनी सांगितलं तसं. पेरूची वडी मिळाली नाही, म्हणून घरातली पेरूची जेली घेतली, त्यात लिंबू आणि (क्षमस्व) एक चमचा कांदा-लसूण मसाला. ओटीजीत दुसरा हात दिल्यावर कडांना बुडबुडे येऊन लेप काचेसारखा चकाकायला लागला, तेव्हा बाहेर काढलं. कडा कुरकुरीत, आत रेषा सुटत होत्या. कुकरमध्ये उरलेला रस आटवला तो खरा हिरो. बाबा भाकरीबरोबर तोच पुसून खात होते. मीटरचा विषय निघाला नाही.

एक सूचना: ट्रेमध्ये फॉइल अंथरा किंवा तळाला थोडं पाणी ठेवा. जेली ठिबकून जळली की घरभर धूर आणि नंतर घासायला मी.

वसईचा_वारा
रस्सा भाऊंचं वाचून आजच केलं. पेराद वापरलं, मांडवीकाठ यांचे आभार. आईने खाल्लं, "व्हिनेगर कमी आहे" म्हणाली आणि दुसऱ्यांदा घेतलं. आता पाव किलो उरलंय. इंद्यालसारखं मुरवत ठेवू की संपवू?

आंबटगोड
@रस्सा, कांदा-लसूण मसाल्याला माफी आहे. फोटो खाली टाकलाय बघा, फाऊल मागे घ्यावा.
@वसईचा_वारा, हे व्हिनेगरमधलं नाही, फार मुरवू नका. फ्रीजमध्ये तीन दिवस, रसात बुडवून. गरम करतानाही त्याच रसात, झाकण ठेवून, मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये कोरडं ठक्क होतं. नाहीतर सरळ क्युबन सँडविच करा: लांब पावात मोहरी, आंबट काकडी, हॅम, स्विस चीज आणि हे मांस. बाहेरून लोणी लावून तव्यावर, वर जड पातेलं ठेवून दाबायचं. टॅम्पात यात सलामीही घालतात, मायामीवाल्यांना ती चालत नाही.

थेम्सथडी
सलामी? एवढं लसूण-जिऱ्याचं मांस असताना वर सलामी कशाला?

आंबटगोड
इबोर सिटीत क्युबन कारखान्याशेजारी सिसिलीवाले राहत होते म्हणून, असं इथले लोक सांगतात. मी घालते. मायामीचं कुणी वाचत असेल तर त्यांनी स्वतंत्र धागा काढावा.